अकस्मात मृत्यूची नोंद

जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी असते, चार-पाच ओळींची. अमुक गावच्या तरुणाचा राहत्या खोलीत झोपेत मृत्यू, वय सव्वीस किंवा एकतीस, दार वाजवूनही उघडेना म्हणून मित्रांनी तोडलं, दवाखान्यात नेलं तर उपचारापूर्वीच मृत घोषित, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, अधिक तपास हवालदार अमुक करीत आहेत. बास. त्या तपासाचं पुढे काय झालं ते कधी छापून येत नाही. मी ही बातमी आता फार नीट वाचते आणि दरवेळी त्यात एकच गोष्ट शोधते, की त्याला फिट येत होत्या का हे कुणी लिहिलंय का. बहुतेक वेळा नसतंच. कुणी विचारलंच नसेल, किंवा विचारलं असेल आणि घरच्यांनीच नाही म्हणून सांगितलं असेल.

माझा आतेभाऊ असाच गेला. पुण्यात नोकरीला होता, तिघं मिळून फ्लॅट घेतलेला, त्या रात्री दोघं रूममेट नाईट शिफ्टला. सकाळी ते परत आले तर हा पालथा, तोंड उशीत, अंगावरची चादर ओली. त्याला बारावीपासून फिट येत होत्या, गोळ्या चालू होत्या, मधे मधे चांगले महिनेच्या महिने जायचे आणि मग एखादी यायची, बहुतेक पहाटेच. आम्हाला सगळ्यांना भीती कशाची होती, तर तो कधी गाडीवरून पडेल, लोकलच्या दारात उभा असताना येईल, विहिरीवर पोहायला जाईल, याची. झोपलेल्या माणसाला काही होईल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं आणि इतक्या वर्षांत इतक्या डॉक्टरांकडे जाऊन एकानेही ते आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरांच्या जगात या मृत्यूला नाव आहे, सडन अनएक्स्पेक्टेड डेथ इन एपिलेप्सी, थोडक्यात सुडेप म्हणतात. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेला माणूस अचानक, ध्यानीमनी नसताना जातो, अपघात नाही, बुडालेला नाही, तासन्‌तास न थांबणारी फिटही नाही आणि शवविच्छेदनात विष नाही, हार्ट अटॅक नाही, मेंदूत रक्तस्राव नाही, म्हणजे मृत्यूचं दुसरं कुठलंच कारण सापडत नाही, तेव्हा त्याला सुडेप म्हणायचं. लिना नाशेफ या लंडनच्या न्यूरॉलॉजिस्टने ही व्याख्या १९९७ मध्ये नीट मांडली आणि २०१२ मध्ये तिच्यात पायऱ्या केल्या, निश्चित, संभाव्य, शक्य अशा. शवविच्छेदन झालं आणि काही सापडलं नाही तर निश्चित. शवविच्छेदनच झालं नाही पण बाकी सगळी परिस्थिती जुळते, तर संभाव्य. ही दुसरी पायरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे घरात झोपेत गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन करू नका म्हणून हात जोडणारे नातेवाईक असतात, आणि त्यांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही, पण चिरफाड झाली नाही तरी नोंद करायला वाट आहे हे निदान माहीत तरी पाहिजे.

अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या दोन संस्थांनी २०१७ मध्ये मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांमध्ये वर्षाला हजारी साधारण एक असा हा धोका सांगितलाय आणि मुलांमध्ये साडेचार हजारांत एक. पण नंतर कॅनडात आणि स्वीडनमध्ये मुलांचे मृत्यू बारकाईने मोजले तेव्हा मुलांचा आकडाही मोठ्यांच्या जवळपासच निघाला. म्हणजे मुलांना धोका कमी असं जे वाटत होतं त्यातला बराचसा भाग मोजणीच नीट झालेली नसल्याचा होता. आणि हा हजारी एक सगळ्यांना सारखा नाही. ज्यांना अंग कडक होऊन पूर्ण शरीर झटके देणारी मोठी फिट येते, आणि वर्षात तीन किंवा जास्त वेळा येते, त्यांना धोका मोठी फिट न येणाऱ्यांच्या पंधरा पट. ज्यांच्या फिट गोळ्यांनी पूर्ण थांबल्यात त्यांना अगदी कमी.

नेमकं होतं काय, हे बरीच वर्षं कुणालाच माहीत नव्हतं, कारण बघायला कुणी नसतंच. मग न्यूरॉलॉजिस्ट फिलिप रिव्हलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम केलं. मोठ्या हॉस्पिटलांत पेशंटला कॅमेऱ्याखाली, डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली विजेची हालचाल टिपणाऱ्या, वायरी लावून चार-पाच दिवस ठेवतात ना, अशा युनिट्सना त्यांनी जगभर पत्रं लिहून विचारलं, की तुमच्याकडे रेकॉर्डिंग चालू असताना कुणी असं गेलंय का. युरोप, इस्राएल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून १४७ युनिट्सनी उत्तरं दिली आणि १६ सुडेप सापडले. २०१३ मध्ये ते छापून आलं. मोठी फिट येते, ती थांबते, माणूस जोरजोरात श्वास घेतो, मग मेंदूतली विजेची हालचाल जवळजवळ सपाट होते, श्वास आणि हृदय दोन्ही डळमळतात, आधी श्वास थांबतो आणि मग हृदय. सगळं काही मिनिटांत. बहुतेक सगळे रात्रीचे आणि बहुतेक पालथे. आणि त्यांनी हेही सरळ लिहिलं की हॉस्पिटलांतसुद्धा रात्रीची देखरेख पुरेशी नव्हती. ज्यांच्यापर्यंत कुणी पहिल्या दोन-तीन मिनिटांत पोचलं आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय-श्वास चालू करायचा प्रयत्न, सुरू केला त्यांतले काही वाचले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या पालथ्या झोपण्याचा अर्थ लागला. फिटमध्येच माणूस वळतो, उशीत तोंड जातं, आणि फिटनंतरचा मेंदू इतका दमलेला असतो की मान वळवायची, खोल श्वास घ्यायचा ही जी आपली झोपेतली आपोआपची धडपड असते ती होतच नाही. शेजारी कुणी असतं तर कुशीवर केलं असतं, हाक मारली असती, हलवलं असतं. मी असं अजिबात म्हणत नाहीये की शेजारी कुणी असलं की माणूस वाचतोच, तसं नाहीये, आईवडिलांच्या शेजारी झोपलेली मुलंही गेलीत आणि त्या आईवडिलांना कुणी दोष देऊ नये. पण शक्यता बदलते. स्वीडनमध्ये २५५ सुडेप आणि त्यांच्याशी तुलना करायला अपस्मार असलेली ११४८ जिवंत माणसं घेऊन अभ्यास झाला, २०२० मध्ये आला, त्यात गेल्या वर्षभरात मोठी फिट आलेल्यांना धोका २७ पट निघाला, एकटं राहणाऱ्यांना पाचपट, आणि दोन्ही एकत्र असेल तर ६७ पट. त्यांनी हिशोब मांडला की मोठ्या फिट येणारे आणि एकटे राहणारे जे गेले, त्यांच्यातले ६९ टक्के टळू शकले असते, जर फिट थांबल्या असत्या किंवा रात्री खोलीत कुणी असतं.

आता हा अभ्यास स्वीडनमध्येच का होऊ शकला, हा मला खरा प्रश्न वाटतो. कारण तिथे प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर कारण असतं, प्रत्येक पेशंटची दवाखान्यातली नोंद त्याच्या नंबरला जोडलेली असते, आणि संशोधकाला अपस्माराचं निदान असलेली माणसं आणि मेलेली माणसं या दोन याद्या एकमेकींवर ठेवता येतात. त्यातही त्यांना प्रत्येक केसची फाईल, शवविच्छेदनाचा रिपोर्ट, पोलिसांचा रिपोर्ट हाताने वाचावा लागला, कारण मृत्यूच्या कारणांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय यादीत, आयसीडी-१० मध्ये, अपस्माराला जी-४० हा कोड आहे पण सुडेपला स्वतःचा कोडच नाही. म्हणजे एवढ्या शिस्तीच्या देशातही हे मृत्यू आपोआप मोजले जात नाहीत, कुणीतरी बसून शोधावे लागतात.

ब्रिटनमध्ये ते शोधायला लावलं घरच्यांनी. जेन हॅना म्हणून एक बाई आहेत, त्यांचा जोडीदार १९९० मध्ये असाच गेला. त्यांनी आणि अशाच दुःखातून गेलेल्या काही जणींनी १९९५ मध्ये एपिलेप्सी बिरीव्हड नावाची संस्था काढली, आता ती सुडेप अ‍ॅक्शन नावाने चालते. त्यांच्या रेट्यामुळे तिथे अपस्मारामुळे झालेल्या मृत्यूंचं राष्ट्रीय ऑडिट झालं, २००२ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात तज्ज्ञांनी म्हटलं की मोठ्यांमधले ३९ टक्के आणि मुलांमधले ५९ टक्के मृत्यू टाळता येण्यासारखे होते. उपचारातल्या साध्या साध्या गोष्टी होत्या, पेशंट वर्षानुवर्षं तज्ज्ञाकडे पाठवलाच नाही, औषध तेच चालू ठेवलं, फॉलोअप नाही. २०१३ मध्ये त्या संस्थेने एपिलेप्सी डेथ्स रजिस्टर सुरू केलं, ज्यात घरचे लोक स्वतः माहिती भरतात. कधी, कुठे, कसा सापडला, शेवटची फिट कधी होती, औषध कोणतं, बदललं होतं का, झोप कशी होती, डॉक्टरांनी धोका सांगितला होता का. आणि अशा मृत्यूंच्या अभ्यासातून जिवंत असलेल्यांसाठी चेकलिस्ट तयार झाली. कॉर्नवॉलमध्ये काम करणारे डॉ. रोहित शंकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. पुढे त्याचंच एपस्मॉन नावाचं मोबाईल अ‍ॅप झालं, माणूस दर काही महिन्यांनी त्यातल्या प्रश्नांची उत्तरं देतो आणि धोका वाढतोय असं दिसलं की ते डॉक्टरकडे जायला सांगतं. गेलेल्यांच्या नोंदी आणि राहिलेल्यांची देखरेख ही दोन कामं त्यांनी एकमेकांना जोडली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

अमेरिकेतही २०११ मध्ये असंच एक रजिस्टर सुरू झालं, न्यूयॉर्कचे न्यूरॉलॉजिस्ट ओरिन डेव्हिन्स्की यांच्या पुढाकाराने. त्यातल्या पहिल्या २३७ केसेसचा अभ्यास २०१९ मध्ये आला. ९३ टक्के मृत्यू कुणी पाहिलेच नव्हते. ७० टक्के झोपेत. आणि शेवटचा डोस घेतलेला होता फक्त ३७ टक्के लोकांनी. हा आकडा वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण एक गोळी चुकली तर काय होतंय असं आम्ही सगळेच म्हणत आलोय, श्रावणातला उपास म्हणून, लग्नघरात गडबड म्हणून, स्ट्रिप संपली आणि रविवार आहे म्हणून. आणि त्याच अभ्यासात हेही आहे की जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आयुष्यभरात मोठ्या फिट दहाच्या आत आल्या होत्या. म्हणजे आमच्याला फार कमी येतात, आम्हाला काही भीती नाही, असंही धरून चालता येत नाही. हे दोन्ही आकडे नोंदीतून आलेत. कुठल्या तरी घरात कुणीतरी रडून झाल्यावर बसून एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून आलेत.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पोलीस आले, पंचनामा झाला, दोन पंचांच्या सह्या झाल्या. हवालदार तसे चांगले होते, त्यांनी विचारलं काही टेन्शन होतं का, व्यसन, प्रेमप्रकरण, कुणाशी भांडण, आणि शेवटी काही आजार होता का. काका म्हणाले, तसा काही आजार नव्हता. आतेबहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा, पुढच्याच आठवड्यात बैठक होती, आणि भावाला फिट होत्या हे कागदावर नको एवढंच त्यांच्या मनात होतं. मला काकांचा राग आला नाही, आजही येत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत अपस्माराचे झटके वारंवार येणाऱ्याला लग्नासाठी अपात्र ठरवणारे शब्द होते, ते काढून टाकले गेले, पण कायद्यातून निघालेली गोष्ट बैठकीतून निघायला पिढ्या जातात. तर जबाबात लिहिलं गेलं, कोणताही आजार नव्हता. रूममेटने गोळ्यांची स्ट्रिप दाखवली होती म्हणे, ती पंचनाम्यात आली नाही.

पीएम, म्हणजे शवविच्छेदन, झालं. रिपोर्टमध्ये दोन ओळी आहेत, जिभेच्या कडेला चावल्याची खूण, आणि दोन्ही फुफ्फुसं सुजून पाणी धरलेली. ज्याला सुडेप माहीत आहे त्याच्यासाठी या दोन ओळी बरंच काही सांगतात. पण पीएम करणाऱ्या डॉक्टरांसमोर जो पोलिसांचा कागद होता त्यात आजार नाही असंच होतं, मग त्यांनी तरी काय लिहावं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला, कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं. काही महिन्यांनी लॅबचा रिपोर्ट आला, विष आढळलं नाही. आणि अंतिम कारण आलं, हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मरणाऱ्याचाच थांबतो, तो का थांबला हे लिहायचं राहूनच गेलं. त्या व्हिसेऱ्यात विष शोधलं, पण त्याच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण किती होतं हे बघितलं नाही, कारण तो गोळी घेतो हेच त्यांना माहीत नव्हतं. त्याने त्या रात्री गोळी घेतली होती का, हे आता कधीच कळणार नाही, आणि आत्याला हाच एक प्रश्न सगळ्यात जास्त छळतो.

मृत्यूचा दाखला मिळाला त्यावर नाव, तारीख, ठिकाण. कारणाचा रकानाच नाही. मला आधी वाटलं चुकून राहिलं असेल. मग कळलं की जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच आहे, दाखल्यावर मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. कारण वेगळ्या फॉर्मवर असतं, मृत्यू दवाखान्यात झाला तर फॉर्म ४, बाहेर झाला तर ४-अ, त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण, त्यामागचं मूळ कारण, अशी उतरंड असते आणि खाली इतर आजारांसाठी जागा असते. म्हणजे अपस्मार लिहायला जागा आहे, फॉर्म चांगला आहे. पण तो भरला जातो किती जणांचा? २०२० चा सरकारी अहवाल बघितला तर देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकी सगळे कारणाशिवाय गेले. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची अशी तरतूद आली, ही चांगली गोष्ट आहे, निदान घरच्यांना बघता तरी येईल काय लिहिलंय ते. तुमच्यावर अशी वेळ आली तर ती प्रत मागा.

भारतात अपस्मार असलेली माणसं एक कोटीच्या वर आहेत असं सगळीकडे सांगतात. हजारी एक हा बाहेरचा आकडा जसाच्या तसा लावला तर वर्षाला दहा हजार मृत्यू होतात. हा हिशोब कच्चा आहे हे मला कळतं, आपल्याकडे खेड्यांत कितीतरी लोकांना औषधच मिळत नाही, त्यामुळे खरा आकडा जास्तही असेल, पण तो मोजलेला नाही. मोजायची पद्धत मात्र आपल्याकडे आहे, आणि ती आपणच जगाला दाखवलेली आहे. जनगणना करणाऱ्या रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने टोरांटोचे साथरोगतज्ज्ञ डॉ. प्रभात झा यांच्याबरोबर मिलियन डेथ स्टडी केला, त्यात गणनेची माणसं घरोघर जाऊन, ज्या घरात कुणी गेलंय तिथे बसून, कसा गेला ते घरच्यांच्याच शब्दांत अर्धा-पाऊण पान लिहून घ्यायची आणि मग दोन डॉक्टर वेगवेगळे बसून त्यावरून कारण ठरवायचे. साप चावून किती लोक जातात याचा खरा अंदाज आपल्याला त्यातूनच आला, आधी सरकारी आकडा त्याच्या मानाने कितीतरी लहान होता. सापाचं जसं कळलं तसं याचंही कळू शकेल. चार-पाच प्रश्न जास्तीचे लागतील. फिट येत होत्या का. शेवटची कधी. औषध चालू होतं का, चुकलं होतं का. कुणी जवळ होतं का. कसा सापडला, उताणा, कुशीवर की पालथा. पोलिसांच्या पंचनाम्यातही हेच प्रश्न यायला हवेत, आणि पीएम करणाऱ्या डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन, कागदावरचं सोडून, स्वतः विचारायला हवं. आमच्या काकांनी डॉक्टरांना खरं सांगितलं असतं असं मला वाटतं. पोलीस स्टेशनात चार लोकांसमोर जे बोलवत नाही ते डॉक्टरला बोलवतं.

आणि नोंद तर आमच्याच घरात होती, तीही किती वर्षांची. आत्या कालनिर्णयवर लिहायची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकवलेलं, तारखेच्या चौकोनात एकादशी, गॅस लागला, दूधवाल्याचे खाडे, आणि त्याच्यातच लाल पेनने फि. म्हणून अक्षर, शेजारी वेळ, प. ४.३०, खाली २ मि., आणि कधी कधी एखादा शब्द, जागरण, ताप, गोळी उशिरा. वर्ष संपलं की ते कालनिर्णय टाकायची नाही, गुंडाळी करून कपाटावर. मी ती सगळी काढून एकदा जमिनीवर पसरून बघितली. इतकं स्पष्ट दिसतं. बहुतेक पहाटे, जागरणानंतर, परीक्षेच्या महिन्यात, आणि दोन ठिकाणी गोळीची कंपनी बदलल्यावर आठवड्याभरात. तो पुण्याला गेल्यावर खुणा कमी होत जातात आणि शेवटच्या वर्षात जवळजवळ नाहीतच. तो फोनवर सांगायचा नाही. रूममेटने नंतर सांगितलं की महिन्यातून एखादी होत होती, काकूंना सांगू नको म्हणायचा, नोकरी सोडून घरी बोलावतील म्हणून. म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर तोही सांगणार नाही आणि आईच्या कॅलेंडरवरही दिसणार नाही, आणि औषध आहे तेच चालू.

म्हणून मला यंत्रांबद्दल वाचायला आवडतं पण माझा जीव माणसांवर आहे. एम्ब्रेस नावाचं मनगटी घड्याळ आहे, त्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, हाताचे झटके आणि त्वचेतला घामाचा बदल ओळखून ते घरच्यांच्या फोनवर अलार्म देतं. नेदरलँड्समध्ये दंडाला बांधायचं नाईटवॉच आहे, ते हृदयाचे ठोके आणि हालचाल बघतं. गादीखाली ठेवायचे सेन्सर आहेत. मोठी फिट ही यंत्रं बऱ्यापैकी पकडतात, कधी नुसतं दात घासताना किंवा टाळ्या वाजवतानाही ओरडतात. पण यंत्रामुळे सुडेप टळतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि अलार्म वाजला तरी दोन मिनिटांत पोचणारं कुणीतरी घरात असावंच लागतं. सगळ्यांना परवडणारीही नाहीत. त्यापेक्षा आधी, फिटची वही, मोबाईलवर काढलेला फिटचा व्हिडिओ जो डॉक्टरला दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो, आणि घराबाहेर राहणाऱ्या मुलामुलींचा एक तरी रूममेट ज्याला सगळं माहीत आहे, एवढं तरी व्हायला पाहिजे.

आता येतो खरा वाद, हे पेशंटला सांगायचं का. मी याबद्दल एका न्यूरॉलॉजिस्टशी बोलले, अनुभवी आणि मनाने चांगला माणूस, ते म्हणाले, अहो ताई, आधीच लोक घाबरलेले असतात, पहिल्याच व्हिजिटला मृत्यूचं काय सांगू, पोरीची आई झोपणार नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण ब्रिटनच्या नाइस या, उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या, संस्थेच्या आणि अमेरिकेच्या २०१७ च्या, दोन्ही मार्गदर्शक सूचनांत सांगा असंच म्हटलंय, आणि माझंही मत तेच आहे, ठाम आहे. पहिल्याच दिवशी नको, नुसता आकडा तोंडावर फेकून नको, पण सांगा. डायबेटिसच्या पेशंटला पायाचं सांगतात, बीपीच्या पेशंटला पॅरालिसिसचं सांगतात, त्याने कुणी औषध सोडत नाही, उलट घेतो. गोळी का चुकवायची नाही याचं खरं कारण माहीत असलेला माणूस आणि नुसतं चुकवू नको म्हणून सांगितलेला माणूस यांत फरक पडतो. आमच्या भावाला कुणी हे सांगितलं असतं तर त्याने महिन्याच्या फिट लपवल्या असत्या का, मला नाही वाटत. तो हुशार मुलगा होता, त्याला घाबरायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यायला हवं होतं.

पुण्यात यशोदा वाकणकर संवेदना नावाने अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट चालवतात, मुंबईचे डॉ. निर्मल सूर्या एपिलेप्सी फाउंडेशनतर्फे गावोगाव शिबिरं घेतात, जिथे न्यूरॉलॉजिस्ट कधी पोचला नसता तिथे ईईजी मशीन घेऊन जातात. अशा कामांमुळे चप्पल हुंगवणं, कांदा हुंगवणं, दातात चमचा घालणं हे हळूहळू कमी होतंय. सुडेपची नोंद ठेवायची असेल तर ती अशा ठिकाणांहून सुरू होईल असं मला वाटतं, जिथे लोक आधीच मोकळेपणाने बोलतात. सरकारी आदेश निघेल तेव्हा निघेल.

मध्यंतरी आमच्या तालुक्याच्या गावी अशा पालकांची एक बैठक झाली, तिथे मी आत्याला घेऊन गेले. आत्या बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने परक्या माणसांसमोर त्याला फिट येत होत्या असं सांगितलं आणि तो त्यानेच गेला असंही सांगितलं. बोलताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. तिच्यानंतर एक बाई उभ्या राहिल्या, त्यांचा मुलगा सांगलीला हॉस्टेलला आहे, डिप्लोमाला. त्यांनी कुणाला धीर वगैरे दिला नाही, सरळ विचारलं, मग मी नेमकं काय करू ते सांगा. तिथे आलेल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. रात्रीच्या फिट येतात का हे त्याला एकट्याला विचारा आणि ओरडू नका. येत असतील तर डोस किंवा औषध बदलायचं का हे पुढच्या व्हिजिटची वाट न बघता विचारा. औषध संपायच्या आधी आठ दिवस नवीन आणा, कंपनी बदलून देत असतील तर आधी विचारा. रूममेटला दाखवून ठेवा, फिट आली की वेळ बघ, कुशीवर कर, तोंडात काही घालू नको, फिट थांबली म्हणून लगेच झोपायला जाऊ नको, श्वास नीट सुरू होऊन तो बोलेपर्यंत शेजारी बस, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा श्वास दिसला नाही तर १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छाती दाबायला लाग.

त्या बाईंनी पर्समधली किराण्याची यादी काढून तिच्या पाठीमागे हे सगळं उतरवून घेतलं. मग आत्याला विचारलं, तुमचा कुठली गोळी घ्यायचा, किती पॉवरची. आत्याने सांगितली. त्या म्हणाल्या आमच्यालाही तीच आहे, आणि गेल्या महिन्यात मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली, मी शनिवारी सांगलीला जाते आणि बघते.